वाचक विचारतात : चौतीस प्रश्नांत नसलेली गोष्ट

गेल्या अंकात बोलता बोलता मी एक जुनी आठवण सांगून गेले. १९७१ साली, मी नऊ वर्षांची असताना, आमच्या अपंग मुलांच्या वसतिगृहात समाजकार्य शिकणारी एक ताई फॉर्मांचा गठ्ठा घेऊन आली आणि तिने मला चौतीस प्रश्न विचारले. ‘पायांमुळे तुला वाईट वाटतं का? नेहमी, कधी कधी, कधीच नाही.’ पोलिओ झालेल्या मुलीला विचारावं असं तिला वाटलं असेल ते सगळं. पण त्या दिवसांत मला रोज छळणारी जी एक अडचण होती, ती त्या चौतिसांत कुठेच नव्हती. एवढंच लिहिलं होतं. पुढे मी स्वतः समाजकार्य शिकले, सव्वीस वर्षं शिकवलं, शे-दीडशे मुलामुलींच्या लघुप्रबंधांवर मार्गदर्शक म्हणून सह्या केल्या. म्हणजे तसलेच फॉर्म लोकांच्या दारात धाडायचं पाप माझ्याही खात्यावर आहे. त्या चार ओळींवर इतकी पत्रं येतील असं वाटलं नव्हतं. त्यांतली सात आज घेते.

प्रश्न : मी एमएसडब्ल्यूच्या, म्हणजे समाजकार्याच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाच्या, दुसऱ्या वर्षाला आहे. लघुप्रबंधाचा विषय आहे ‘महाविद्यालयीन दिव्यांग विद्यार्थ्यांच्या समस्यांचा अभ्यास : विशेष संदर्भ सातारा शहर’. प्रश्नावली तयार आहे, साठ जणांचा नमुना ठरलाय. आता सर म्हणतात, ‘यात त्या विद्यार्थ्यांचा सहभाग कुठे आहे?’ मॅडम, साठ जण फॉर्म भरणार आहेत, हा सहभाग नाही का? फेब्रुवारीअखेर प्रबंध द्यायचाय.
— एक विद्यार्थी, सातारा

उत्तर : तुझ्या सरांना माझा नमस्कार सांग. असे सर थोडे असतात.

नाही रे, तो सहभाग नाही. तो नमुना. (आणि ‘काय नमुना आहे!’ असं आपण घरात कोणाला म्हणतो ते तुला ठाऊक आहे.) पंगतीला साठ पानं बसली म्हणून जेवणाचा बेत त्या साठ जणांनी ठरवला, असं होत नाही.

प्रश्नावली तयार आहे म्हणतोस. ती कोणी केली? तू, आणि ग्रंथालयातले मागच्या वर्षांचे दोन-तीन प्रबंध, बरोबर? त्या मुलांनीही ती त्यांच्या मागच्यांवरून केली होती. मी शिकवत होते तेव्हा माझी एक विद्यार्थिनी अशीच अपंग विद्यार्थ्यांचा ‘आत्मविश्वास’ मोजायला निघाली होती. चाळीस प्रश्न होते. झेरॉक्स काढायच्या आधी मी तिला म्हटलं, आधी पाच जणांना कॅन्टीनमध्ये चहाला बोलाव, कागद त्यांच्यापुढे ठेव आणि तू गप्प बस.

कुबड्यांवर चालणारे दोघे होते. ते एसटीवरच सुरू झाले. तिकिटात ७५ टक्के सवलत आहे, पण कुबड्या दिसल्या की गाडी थांब्याच्या चार हात पुढे जाऊन थांबते, आणि पहिली पायरी इतकी उंच की सवलत खिशात ठेवून माणूस खालीच राहतो. पहिला तास बुडायचा तो यामुळे, आत्मविश्वासामुळे नव्हे. एक अंध मुलगा होता. परीक्षेत त्याला तासाला वीस मिनिटं जादा मिळायची, ते ठीक, पण लेखनिक कुठून आणायचा? तो म्हणाला, ‘माझा आत्मविश्वास पेपरच्या आदल्या रात्री लेखनिकाचा फोन लागतो की नाही यावर असतो.’ हे वाक्य मी पुढे दर वर्षी वर्गात सांगितलं. एक कर्णबधिर मुलगी होती, ती तासभर हसून बसली आणि काहीच बोलली नाही, कारण आमच्यापैकी एकालाही खुणांची भाषा येत नव्हती. ती चूक सर्वस्वी माझी. पुढच्या खेपेला कर्णबधिरांच्या शाळेतल्या एका शिक्षिकेला सोबत आणलं, तेव्हा त्या मुलीने जे सांगितलं त्यावर अख्खं प्रकरण झालं.

चाळीसपैकी अठ्ठावीस प्रश्न त्या पाच जणांनी खोडले. विषय बदलला, नावही बदललं. विद्यार्थिनी दोन दिवस रडली आणि मग तिने त्या वर्षीचा सगळ्यांत वाचनीय प्रबंध लिहिला.

ब्रिटनमधलं एक उदाहरण सांगते, ते मला फार आवडतं. तिथल्या सरकारी पाहणी खात्याने १९८०च्या दशकात अपंगांची मोठी पाहणी केली. प्रश्न असे की तुमच्यात नेमका काय बिघाड आहे, वस्तू धरायला किंवा फिरवायला कोणत्या दुखण्यामुळे त्रास होतो. माइक ऑलिव्हर म्हणून एक गृहस्थ होते. १९६२ साली, वयाच्या सतराव्या वर्षी पोहण्याच्या तलावात अपघात होऊन त्यांचा मणका जायबंदी झाला. पुढे ते ग्रिनिच विद्यापीठात अपंगत्व अभ्यासाचे प्राध्यापक झाले. १९९० साली त्यांनी ते प्रश्न फक्त उलटे करून दाखवले. समाजात नेमका काय बिघाड आहे? बरण्या, बाटल्या, डबे यांच्या घडणीत कोणता दोष आहे, ज्यामुळे तुम्हाला ते धरायला, फिरवायला त्रास होतो? माणूस तोच, हातही तेच. प्रश्न फिरवला की दोष माणसातून निघून बरणीच्या झाकणात जातो. तुझे प्रश्न या डोळ्यांनी एकदा वाच.

फेब्रुवारीत काय जमेल? छपाई थांबव. याच आठवड्यात चार-पाच जण शोध. सगळे एकाच प्रकारच्या अपंगत्वाचे नकोत, एक तरी मुलगी हवी, एक तरी खेड्यातून रोज ये-जा करणारा हवा. रिक्षाचे पैसे तू दे. त्यांना विचार, ‘तुमच्यावर प्रबंध लिहायचा तर तुम्ही काय विचाराल?’ माहिती गोळा झाली की निष्कर्ष लिहायच्या आधी पुन्हा त्यांच्यासोबत बस. तुझं आणि त्यांचं पटलं नाही तर दोन्ही मतं लिही, गुळगुळीत करू नकोस. आणि त्यांनी काय काय बदललं ते संशोधन पद्धतीच्या प्रकरणात स्वच्छ नोंदव, नाहीतर हे सगळं ‘उत्तरदात्यांचे आभार’ या एका ओळीत विरून जाईल.

सर तुला शेरी आर्नस्टाइन यांची १९६९ची ‘सहभागाची शिडी’ वाचायला देतीलच. आठ पायऱ्या आहेत. खालच्या पायऱ्यांवर नुसता देखावा, वरच्यांवर लोकांच्या हाती सूत्रं. मांडणी उत्तम आहे. उपमा तेवढी मला मानवत नाही, शिडी दिसली की मी सवयीने रॅम्प शोधते.

प्रश्न : माझ्या अकरा वर्षांच्या मुलाला सेरेब्रल पाल्सी आहे. तो बोलत नाही, पण त्याला सगळं समजतं. तो ज्या केंद्रात जातो (मी तिथली ‘लाभार्थी पालक’) तिथे दर वर्षी दिवाळीनंतर कुठल्या तरी कॉलेजची मुलं येतात, माहिती घेतात, फोटो काढतात, जातात. आठ वर्षांत एकही जण परत आलेला नाही. या वर्षी नाही म्हणू का? केंद्राच्या बाई नाराज झाल्या तर? त्याची थेरपी तिथेच आहे.
— एक आई, अकोला

उत्तर : ताई, म्हणा नाही. आठ वर्षं पुष्कळ झाली.

दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा २०१६ साली झाला आणि १९ एप्रिल २०१७ पासून लागू आहे. त्याचं सहावं कलम सांगतं की अपंग व्यक्तीवर तिच्या मोकळ्या आणि समजून-उमजून दिलेल्या संमतीशिवाय संशोधन करता येणार नाही, आणि ती संमती तिला कळेल अशा माध्यमातून घ्यायची. शिवाय अपंगत्वविषयक संशोधनासाठी नेमलेल्या समितीची आधी परवानगी हवी, आणि त्या समितीतले निम्म्याहून कमी नाहीत इतके सदस्य स्वतः अपंग किंवा अपंगांच्या वा त्यांच्या पालकांच्या नोंदणीकृत संस्थेचे सदस्य असले पाहिजेत. मी कित्येक प्राध्यापकांना हे कलम दाखवलंय. त्यांचा चेहरा पाहण्यासारखा होतो.

बाईंच्या तोंडावर ‘नाही’ म्हणायला जड जात असेल तर असं म्हणा, ‘बाई, कॉलेजचं पत्र आणि समितीची परवानगी आणू द्या त्यांना, मी वाचून सांगते.’ बहुतेकजण तिथेच गळतील. थेरपी आणि संशोधन यांचा संबंध नाही. नकार दिला म्हणून सेवा थांबवता येत नाही, आणि हो म्हटल्यावर मध्येच उठून जायचाही हक्क तुम्हाला आहे. हे नुसतं माझं मत नव्हे, भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०१७च्या नैतिक मार्गदर्शक सूचनांचं तत्त्वच ते आहे.

त्याच सूचनांतली आणखी एक गोष्ट तुमच्या कामाची आहे. पालकांची संमती तर हवीच, पण सात ते बारा वर्षांच्या मुलाची तोंडी संमतीही वेगळी घ्यायची असते. तुमचा मुलगा बोलत नाही म्हणून ती सोडून देता येत नाही. ‘तोंडी’ म्हणजे तोंडानेच, असं थोडंच आहे? तो घरी ‘पोळी नको’ कसं सांगतो? नजर वळवून, मूठ मिटून, जसं असेल तसं. ते त्या मुलांना शिकवा आणि म्हणा, याला विचारा. त्याने मान फिरवली तर गठ्ठा उचला आणि निघा. फोटोचा होकार वेगळा घ्यायचा, तो माहितीच्या सहीत गुंडाळून जात नाही.

आणि कोणी नीट विचारून आलं, तर मात्र हो म्हणायचा विचार करा. अट एकच घाला : परत यायचं. काय सापडलं ते एक पानभर साध्या मराठीत लिहून आणायचं आणि पालकांपुढे वाचायचं. माझ्या शेवटच्या दहा वर्षांत मी माझ्या विद्यार्थ्यांपुरता नियमच केला होता. जिथे माहिती घेतली तिथे जाऊन निष्कर्ष वाचून दाखवले नाहीत तर माझी सही मिळणार नाही, आणि एसटीचं तिकीट पुरावा म्हणून जोडायचं. मुलं चिडायची. एकदा एका वस्तीतल्या मावशींनी माझ्या विद्यार्थ्याचं वाचन ऐकून सांगितलं, ‘बाळा, तू लिहिलंस ते खोटं नाही. पण आम्ही सांगितलं तेही हे नाही.’ त्याने शेवटचं प्रकरण पुन्हा लिहिलं.

तुम्ही पत्रात स्वतःला ‘लाभार्थी पालक’ म्हटलंय. तो शब्द केंद्राच्या रजिस्टरातून आला असणार. आठ वर्षांत तुमच्या मुलामुळे किती जणांना पदवी मिळाली ते मोजा, मग लाभार्थी कोण ते ठरवू.

प्रश्न : मी जन्मापासून अंध आहे, एका बँकेत नोकरी करतो. समाजकार्य महाविद्यालयं मला ‘अनुभवकथना’ला बोलावतात, शाल, श्रीफळ, स्मृतिचिन्ह. आता एका संशोधनाच्या सल्लागार गटात घेतलंय, वर्षभरात आठ बैठका. रजा टाकावी लागेल. मानधन मागितलं तर वाईट दिसेल का?
— एक वाचक, ठाणे

उत्तर : तुमच्या घरी आतापर्यंत किती नारळ जमले असतील याचा हिशोब करत होते.

मागा, दादा. आणि पहिल्या बैठकीच्या आधी मागा, म्हणजे कोणालाच अवघड होत नाही. फॉर्म भरणाऱ्याला प्रवासखर्च आणि बुडालेली मजुरी द्यावी, फक्त रक्कम इतकी मोठी नसावी की केवळ पैशासाठी माणूस हो म्हणेल. हे आपल्याकडच्या नैतिक सूचनांतही मान्य आहे. तुमचं काम त्याहून वेगळं. तुम्ही सल्ला देणार आहात. सल्लागार गटातल्या डोळस प्राध्यापकांना मानधन असेल आणि तुम्हाला शाल, तर तो सत्कार नव्हे. ‘अंदाजपत्रकात तरतूद नाही’ असं उत्तर आलं तर समजा की अंदाजपत्रक करताना तुम्ही कोणाच्या डोक्यात नव्हता. एक सावधगिरी मात्र बाळगायला हवी, तुमच्यासाठी नाही, गटातल्या इतरांसाठी. ज्यांना निराधार अनुदान किंवा तसली मदत मिळते त्यांना उत्पन्नाची अट असते. त्यांच्या हाती मानधन ठेवायच्या आधी त्याने अनुदानावर काय परिणाम होतो ते विचारून घ्या. इंग्लंडातही सरकारी भत्त्यांवर जगणाऱ्यांची हीच अडचण होते.

दुसरं म्हणजे कागदपत्रं. बैठकीच्या आठवडाभर आधी, युनिकोड मराठीत टाइप केलेली मागा. अजूनही कार्यालयांत जुन्या श्रीलिपीत नाहीतर कृतिदेवमध्ये टाइप होतं आणि मजकूर वाचून दाखवणाऱ्या तुमच्या स्क्रीन रीडरला ते वाचताच येत नाही. स्कॅन केलेली पानं तर त्याच्या लेखी नुसतं चित्र. बैठकीत सगळे पान सातवर आणि तुम्ही छताकडे, असं व्हायला नको.

तिसरं थोडं टोचेल. तुम्ही शिकलेले, पगारदार, शहरातले. गटात आणखी कोण आहे ते विचारा. तुम्ही एकटेच असाल तर सगळ्या महाराष्ट्राच्या वतीने बोलायची वेळ तुमच्यावर येईल. २०११च्या जनगणनेत आपल्या राज्यात अपंग व्यक्ती २९ लाखांवर होत्या. एका खुर्चीत एवढे मावत नाहीत.

प्रश्न : दिव्यांग, अपंग, विकलांग की विशेष? लिहायचं काय?
— एक वाचक, नांदेड

उत्तर : सरकारी कागदावर ‘दिव्यांग’, कारण कायद्याच्या मराठीत तोच शब्द आहे. मी स्वतःला अपंग म्हणते. माझ्या पायांत दिव्य काही नाही, गुडघ्यापासून खाली लोखंड आणि चामडं आहे. माझ्या एका मैत्रिणीला ‘अपंग’ ऐकवत नाही. समोरच्याला विचारावं आणि तो म्हणेल ते लिहावं. ‘विशेष’ तेवढं मला म्हणू नका, त्यापेक्षा आडनावाने हाक मारा.

प्रश्न : मी अठरा वर्षांवरच्या बौद्धिक अपंग मुलांच्या कार्यशाळेत शिक्षिका आहे. ती मेणबत्त्या, पणत्या, कागदी पिशव्या करतात. सहभाग वगैरे म्हणणं छान आहे, पण आमची मुलं प्रत्येक प्रश्नाला ‘हो’ म्हणतात. ती संशोधनात काय सांगणार? खरी माहिती पालकच देतात.
— एक शिक्षिका, रत्नागिरी

उत्तर : बाई, ‘हो’ म्हणायची सवय हा तुम्ही नेमका धरलेला मुद्दा आहे. ती सवय लावली कोणी? शाळेने, घराने, तुम्ही-आम्ही. ‘नाही’ म्हटल्यावर ज्यांना वर्षानुवर्षं रागावलं गेलं, ते पाहुण्यांपुढे ‘नाही’ कसं म्हणतील?

त्यामुळे हो-नाहीचे प्रश्न बाजूला ठेवा. दोन वस्तू पुढ्यात ठेवा आणि निवडू द्या. तोच प्रश्न दोन दिवसांनी उलटा करून विचारा. चित्रं वापरा, छोटी वाक्यं वापरा, आणि वेळ द्या. तुम्ही उत्तराची वाट जितकी पाहता त्याच्या तिप्पट पाहा. मी एका कार्यशाळेत एक प्रयोग पाहिला. मुलांना एकेक साधा फोन दिला आणि सांगितलं, तुम्हाला आवडतं त्याचे फोटो काढा, आवडत नाही त्याचेही काढा. बहुतेकांनी मित्रांचे, डब्याचे, कुत्र्याचे काढले. एका मुलाने दाराजवळच्या टेबलावरच्या रजिस्टरचे फोटो काढले. तीन वेळा. सगळे हसले. मग कोणी तरी शांतपणे त्याच्या शेजारी बसून फोटो पुढे ठेवला, तेव्हा हळूहळू उलगडलं की त्या रजिस्टरवर तो दर महिन्याला अंगठा उठवतो आणि पाकीट वडिलांच्या हाती जातं. त्याला स्वतःच्या कमाईतून वडापाव घ्यायचा होता. पालकांच्या मुलाखतींत हे आलं असतं? माझ्या मते नाही, आणि त्यात वडील वाईट होते असंही नाही. पालक खरंच सांगतात, पण स्वतःचं खरं. त्यांची मुलाखत वेगळी लिहा, मुलाच्या नावाखाली लिहू नका.

१९९९च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखाली कोणी कायदेशीर पालक म्हणून नेमलेला असेल, तरी मुलाला विचारायचं काम संपत नाही. अमेरिकेतल्या ओरेगनमध्ये १९७४ साली बौद्धिक अपंग माणसांनीच स्वतःची संघटना काढली आणि तिचं नाव ठेवलं ‘पीपल फर्स्ट’, म्हणजे आधी आम्ही माणसं.

मात्र उगाच देखावाही नको. सगळ्यांनी सगळं करावं असा हट्ट मी धरत नाही. संख्याशास्त्राचे तक्ते तुमची मुलं करणार नाहीत. माझ्याच्यानेही धड होत नाहीत. काही मुलांचं अपंगत्व इतकं तीव्र असतं की प्रश्न काय विचारावा हे ती सांगू शकत नाहीत. तिथे ‘मुलांच्या सहभागाने’ असं मुखपृष्ठावर छापणं म्हणजे खोटेपणा आहे. जे झालं नाही ते झालं नाही असं लिहायला लाज कसली?

प्रश्न : मी मूळची नाशिकची, आता लेस्टरमध्ये समाजकार्याची पदवी करतेय. प्रवेशाच्या मुलाखतीत दोन प्राध्यापकांसोबत एक बाई होत्या, ज्या अनेक वर्षं मनोरुग्णालयाच्या फेऱ्यांत होत्या. त्यांनी विचारलं, ‘मी दार उघडलंच नाही तर तू काय करशील?’ मला उत्तर आलं नाही. प्रवेश मिळाला, पण खरं सांगू? तेव्हा मनात आलं, आजारी असणं ही परीक्षक होण्याची पात्रता कधीपासून झाली? आपल्याकडे असं आहे का?
— एक विद्यार्थिनी, लेस्टर

उत्तर : खरं सांगितलंस, त्याबद्दल आभार. पात्रता आजाराची नाही. तुझ्यासारखी कोणी तरी उद्या दार ठोठावणार आहे, आणि आतल्या बाजूला उभं राहून ते ऐकण्याचा अनुभव त्या खोलीत फक्त त्या बाईंना होता.

इंग्लंडमध्ये २००३पासून समाजकार्याची नवी पदवी सुरू झाली, तेव्हा सरकारने विद्यापीठांना बंधन घातलं की सेवा घेणारे लोक आणि त्यांची काळजी घेणारे घरचे यांना विद्यार्थी निवडण्यात, अभ्यासक्रम आखण्यात, शिकवण्यात आणि गुण देण्यातही सामील करून घ्यायचं. पण हे कोणाच्या उदारपणातून आलं असं समजू नकोस. त्याच्या मागे एक कडू गोष्ट आहे, ती तुझे प्राध्यापक बहुधा सांगतीलच, पण मला सांगायची हौस आहे.

हॅम्पशायरमध्ये ल कोर्ट नावाचं चेशायर होम, म्हणजे अपंगांसाठीचं निवासगृह, होतं. (आपल्या अंधेरीलाही चेशायर होम आहे, त्याच कुळातलं.) तिथे राहणारे पॉल हंट आणि त्यांचे सोबती १९६०च्या दशकात व्यवस्थापनाशी भांडत होते. झोपायची वेळ कोणी ठरवायची, पाहुणे कधी यायचे, समितीवर आम्ही का नाही. आपलं म्हणणं नीट मांडलं जावं म्हणून त्यांनी स्वतःच संशोधकांना बोलावलं. लंडनच्या टॅव्हिस्टॉक इन्स्टिट्यूटचे एरिक मिलर आणि जेराल्डिन ग्विन आले, काम केलं आणि १९७२ साली ते प्रसिद्ध झालं. रहिवाशांनी वाचलं तर काय? समाजाने या माणसांना जवळपास मृत मानलंय, आणि त्या सामाजिक मरणापासून खऱ्या मरणापर्यंतचा प्रवास सुसह्य करणं हे संस्थेचं काम, असा सूर. विद्वत्ता होती, सहानुभूती होती, तटस्थताही होती. फक्त ज्यांनी दार उघडून आत घेतलं त्यांची बाजू नव्हती. हंट इतके संतापले की संशोधकांना त्यांनी बांडगुळं म्हटलं. तो लेख ते गेल्यावर, १९८१ साली छापून आला. पण त्याआधी, १९७२च्या सप्टेंबरात, त्यांनी ‘गार्डियन’ला एक छोटं पत्र लिहून अपंगांनी एकत्र यावं असं सुचवलं होतं. त्यातून जी संघटना उभी राहिली तिने पुढे ठामपणे मांडलं की अपंग आम्हाला शरीर करत नाही, समाजाची रचना करते. वाचकांच्या पत्राचा एवढा परिणाम झाल्याचं दुसरं उदाहरण मला ठाऊक नाही, आणि या सदराची लेखिका म्हणून मला ते जपून ठेवावंसं वाटतं.

स्वीडनच्या लुंड विद्यापीठात २००५पासून आणखी वेगळं चालतं. सेवा घेणारे लोक पाहुणे वक्ते म्हणून न येता समाजकार्याच्या विद्यार्थ्यांसोबत त्याच बाकांवर बसून तोच अभ्यासक्रम करतात. एकदा भाषण ऐकून टाळ्या वाजवणं सोपं असतं. त्याच माणसासोबत आठवडेच्या आठवडे गटात काम करायचं म्हटलं की कसोटी लागते.

आपल्याकडे? परीक्षक म्हणून मी तरी कोणाला पाहिलेलं नाही. अपंग माणूस आपल्या महाविद्यालयांत क्षेत्रकार्याचं ठिकाण म्हणून येतो किंवा तीन डिसेंबरला, जागतिक अपंग दिनी, व्यासपीठावर येतो. काम झालंय ते महाविद्यालयांच्या बाहेर. कोल्हापुरात नसीमा हुरजूक यांनी १९८४ साली संस्था उभी केली, ती चालवणारेही अपंग आणि तिथे राहणारेही. पुण्यात भार्गवी दवर यांनी बापू ट्रस्टमधून मानसिक आजार भोगलेल्यांचं म्हणणं संशोधनात आणलं. अशांना वर्षातून एकदा बोलावण्यापेक्षा अभ्यास मंडळावर घ्यायला काय हरकत आहे, हा प्रश्न मी नोकरीत असताना तीन वेळा लेखी विचारला. पोच मिळाली.

त्या बाई पुन्हा भेटल्या तर त्यांना विचार, दार उघडलं नाही तर काय करायचं असतं. आणि मला कळव.

प्रश्न : मी नववीत आहे. आजी तुमचं सदर मोठ्याने वाचते. त्या चौतीस प्रश्नांत नसलेली तुमची अडचण कोणती होती? तुम्ही सांगितलीच नाही.
— एक विद्यार्थिनी, चिपळूण

उत्तर : तुझ्यासारखं त्या ताईने विचारलं असतं तर!

आमच्या वसतिगृहात संडास अंगणाच्या टोकाला होते. मधली वाट खडीची. रात्री झोपताना पायांना आधार देणारे कॅलिपर काढून ठेवायचे, ते पुन्हा चढवायला मोठं माणूस लागायचं आणि मोठं माणूस झोपलेलं असायचं. म्हणजे जायचं तर खडीवरून सरपटत, अंधारात. म्हणून मी दुपारी चारनंतर पाणी प्यायचं सोडून दिलं होतं. आम्ही सगळ्याच मुली तसं करायचो. संध्याकाळी ओठ सुकायचे, डोकं दुखायचं. ताई आली तेव्हा पाच वाजले होते, आणि मला सारखं वाटत होतं की हिने समोरचा पाण्याचा तांब्या उचलून मला देऊ नये, कारण मग मला मोह आवरला नसता.

पंचवीसेक वर्षांनी, मी शिकवायला लागल्यावर, दुसऱ्या एका गावच्या ग्रंथालयात तो प्रबंध माझ्या हाती आला. टंकलिखित, हिरव्या पुठ्ठ्याचा. मी ‘प्रकरण क्रमांक अकरा’ होते. ‘वय ९. स्वभाव अबोल. प्रश्नांकडे लक्ष नाही. न्यूनगंडाची शक्यता.’ ग्रंथालयाच्या पुस्तकावर लिहू नये असं मी जन्मभर विद्यार्थ्यांना सांगत आले. त्या दिवशी पर्समधून पेन्सिल काढली आणि समासात लिहिलं : ‘संडासाच्या वाटेवर दिवा नव्हता.’